‘तीच’ नावाच्या फायली

नाना गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे तो नवरदेवाचं नाव काय आणि मुहूर्त कधीचा, असला नसायचा. खुर्ची पुढं सरकवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि शांतपणे विचारायचे, "कोन रुसलंय?"

नवखं गिऱ्हाईक म्हणायचं, "कुनीच न्हाई, नाना. आमच्याकडं समदं गुन्यागोविंदानं हाय."

"मंग घरी जा, मालकिनीला इचारून या. आमी सात वाजेपत्तूर हायेच."

आणि गिऱ्हाईक खरोखर परत यायचं, दोन नावं घेऊन. एखादं तीन.

कोल्हारात मोठ्या रस्त्याला लागून नानांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. पुण्यातली नोकरी मला सोडून गेली तेव्हा मी तिशी ओलांडलेला, बायको आणि लॅपटॉप घेऊन गावी परत आलो होतो. नोकरी मी सोडली, असं मी गावात सांगायचो. गाव ऐकून घ्यायचं. नानांनीही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं सोडली. उद्यापासून बॅनरचं काम बघ. पत्रिकेतल्या नावांना हात लावू नको."

ती अट मला अपमानाची वाटली होती. पुण्यात मी कंपनीच्या साइटवर काम केलेला माणूस, आणि इथं मला ‘चि. सौ. कां.’ टाइप करायची परवानगी नाही. पण आमच्याकडची पत्रिका ज्यांनी वाचली नसेल त्यांना सांगतो, तिच्यात नवरा-नवरी कुठंतरी मधे असतात. बाकी सगळी भावकी. निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी अजून चालताही न येणारी पोरं. यात कुणाचं नाव कुणाच्या वर आलं यावरून आठ-आठ वर्षं बोलणं तुटलेली घरं मला माहीत आहेत. नाना त्या नावांची मांडणी करायचे तेव्हा दुकानात रेडिओ बंद असायचा. आणि झालेली पत्रिका ते उभं राहून मोठ्यानं वाचायचे. "मान्सांची नावं हायेत. बसून वाचू न्हाई."

दर लग्नाची पत्रिका ते देवीच्या देवळात ठेवून यायचे. स्वतः मात्र पत्रिका छापलेल्या एकाही लग्नाला ते जेवायला गेले नाहीत. "छापनाऱ्यानं मांडवात जाऊ न्हाई. कुनीतरी पत्रिका घिऊन म्होरं येतंच."

त्यांच्या संगणकात कितीतरी वर्षांच्या पत्रिका साठलेल्या होत्या. फायलींना नवरा-नवरीची नावं नसायची. ‘बोकड सुटलेलं’, ‘नवरदेव उशिरा’, ‘दोन वरमाया’, ‘मंडपात साप (निघाला नाही)’ अशी असायची. त्यावरून नानांना फाईल डोळे मिटून सापडायची. आणि पुष्कळशा फायलींना एक जोडीदारीण असायची. ‘बोकड सुटलेलं’ आणि तिच्या शेजारी ‘बोकड सुटलेलं – तीच’. ‘दोन वरमाया’, आणि ‘दोन वरमाया – तीच’. मी एकदा विचारलं, "नाना, तीच आहे तर दोनदा कशाला ठेवलीय?"

"असू दे. तुझ्या पोटात दुखतंय का?"

विषय तिथं संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला, आणि माझ्या डोक्यात राहिलेले विषय पुढं फार महागात पडतात.

एका उन्हाळ्यात संगणक आतून करकर वाजायला लागला. नाना त्याला ओलं फडकं गुंडाळायच्या बेतात होते. त्याआधी फायलींची प्रत, नानांच्या तोंडी ‘परत’, एका पेन ड्राइव्हवर असे आणि तो पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्यात असे. कुंकू आत जाऊन तो गेला होता. मला माझी संधी दिसली. पुण्याहून आणलेली विद्या दाखवायला अखेर काहीतरी मिळालं.

मी त्यांना इंटरनेटवरच्या साठवणीचं समजावून सांगितलं. संगणकावर एक ॲप टाकायचं, त्याला आपलं फोल्डर दाखवायचं. मग त्या फोल्डरात जे काही होईल ते आपोआप वरच्या साठवणीत होतं आणि माझ्या घरच्या लॅपटॉपवरही होतं. ‘जे काही होईल ते’ हे शब्द मी फार ऐटीत उच्चारले. त्या शब्दांत काय काय येतं, याचा मी स्वतः विचार केला नव्हता.

नानांनी केला होता. "म्हंजी मी हितं काना-मात्रा बदलला तर वरबी बदलंल?"

"लगेच."

"मंग ती परत कशी रं? ती तर सावली झाली. मानूस पडला तर सावली उभी ऱ्हाती व्हय?"

मी हसलो. आत्ता हे लिहितानाही मला ते माझं हसणं ऐकू येतं आणि कानशिलं गरम होतात. मी त्यांना म्हणालो, "नाना, हे सगळं जगात चालतं, तुम्ही काळजी करू नका."

आमच्या रस्त्यावरचं इंटरनेट तेव्हा उसाच्या ट्रॉलीच्या चालीनं चालायचं. सगळ्या फायली वर जायला आठवडा उलटला. काम झालेल्या फायलीवर ॲप हिरवी टिक दाखवतं, ती टिक नानांना मात्र अतिशय आवडली. इतकी, की नवी पत्रिका झाल्यावर हिरवी टिक येईपर्यंत ते गिऱ्हाइकाला उठू देईनात. "बसा. टिक याची हाय." लोक दोन-दोन कप चहा पिऊन टिकेची वाट बघायचे. एका म्हातारबाबांनी तर टिक आल्यावर पडद्याला हात जोडले.

काही महिन्यांनी ॲपनं कळवलं, जागा भरत आली आहे. थोडे पैसे भरले की जागा वाढते, आणि नानांची काहीच ना नव्हती. पण पैसे भरून प्रश्न सोडवला तर त्यात हुशारी कुठं दिसते? एका रविवारी दुपारी घरी जेवून सुपारी चघळत मी लॅपटॉप उघडला आणि फोल्डरात शोधलं: ‘तीच’. समोर लांबलचक यादी आली. माणसानं स्वतःच लिहून ठेवलंय की ही तीच आहे, याहून मोठा पुरावा काय पाहिजे? मी सगळ्या एकदम निवडल्या आणि पुसल्या. पुसलेल्या फायली कचऱ्याच्या डब्यात जातात आणि तिथंही जागा खातात, हे मला ठाऊक होतं. एवढंच नेमकं ठाऊक होतं. म्हणून डबाही रिकामा केला.

सोमवारी दुकानात गेलो तेव्हा नाना पडद्याकडं समाधानानं बघत होते. सगळीकडं हिरवं. "समदं ठीक हाय ना?" म्हणाले. म्हटलं, ठीक आहे, उलट जागाही झाली. त्यांनी माझ्यासाठी बिस्किटं मागवली.

पुढच्याच आठवड्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला गेले. मोतीबिंदू. दुकान माझ्यावर. जाताना म्हणाले, "पत्रिका कुनाची आली तर म्या येईस्तवर थांबीव." मी मान हलवली, पण मनात थांबवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जवळच्याच एका गावचे गृहस्थ आले. धाकट्या मुलीचं लग्न होतं, मुहूर्त अगदी तोंडावर. थोरलीची पत्रिका नानांनीच केली होती. ते म्हणाले, "मागच्यासारखीच करा. नावं तीच, निस्ती नवरा-नवरी बदला. आन नानांच्या पद्धतीनं." असं म्हणून त्यांनी मला डोळा मारला.

मीही मारला. का मारला, देव जाणे. समोरच्यानं डोळा मारला तर आपल्याला कळलेलं नाही हे दाखवायची माझी छाती होत नाही.

"दोन गठ्ठे बांधा," ते म्हणाले. "एक लाल दोरीचा, एक पिवळ्या."

हा निव्वळ हौशीपणा आहे असं ठरवून मी पाचशे पत्रिका छापल्या, अर्ध्या लाल दोरीत बांधल्या, अर्ध्या पिवळ्या. उभं राहून वाचल्यासुद्धा. फार सुबक झाल्या होत्या.

दोन दिवसांनी तेच गृहस्थ दुकानात येऊन बाकावर बसले. पाणी दिलं ते हातात धरून राहिले. म्हणाले, "सरपंच म्हनत्यात, मांडवात पाय ठिवनार न्हाई."

सरपंच म्हणजे त्यांचे धाकटे चुलते. कधीकाळी एकदा सरपंच झालेले, पण गावानं पदवी काढून घेतली नव्हती. थोरले चुलते आप्पा. वयाचा मान आप्पांचा, पदाचा मान सरपंचांचा, आणि पहिलं नाव माझंच, यावर दोघंही ठाम.

"पत्रिकेत आप्पांचं नाव पहिलं बघितलं आन पत्रिका उंबऱ्यावर ठिवून दिली. पोरगी त्यांच्या खांद्यावर बसून शाळंत गेलेली हाय हो. सकाळधरनं जेवली न्हाई ती. म्हनती, आजोबा न्हाई आले तर मला हळद लावू नका." मग त्यांनी मान वर केली. "तुमी दुसरी का न्हाई छापली?"

"दुसरी कुठली?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. मग त्यांनी दाराकडं एकवार पाहून हळू आवाजात सांगितलं. नाना अशा घरांच्या दोन पत्रिका करतात. एकीत थोरल्याचं नाव पहिलं, दुसरीत धाकट्याचं, आणि त्याप्रमाणं खालच्या साऱ्या भावकीचा क्रम. लाल दोरी थोरल्याच्या गोतावळ्यात वाटायची, पिवळी धाकट्याच्या. बाकी अक्षर न् अक्षर सारखं. कुणी बघितलं तरी वाटावं, तीच आहे.

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं असेल तर रविवारी फायली पुसणारं माझं उजव्या हाताचं एक बोट आलं.

नाना आदल्या दिवशीच घरी आले होते. अंगणात खाटेवर काळा चष्मा लावून बसले होते. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. उभं राहूनच, कारण नावांचा मामला होता.

"किती पुसल्या?"

"सगळ्या. ‘तीच’ नावाच्या जेवढ्या होत्या तेवढ्या."

"वरनं?"

"वरनंही गेल्या. घरच्या लॅपटॉपवरनंही."

"त्यो कचऱ्याचा डबा असतो म्हनं."

"तोही रिकामा केला."

"म्हंजी झाडलोटबी केलीस. आन टिक?"

"आली होती. हिरवी."

छापील प्रत एखादी शिल्लक असेल म्हणून विचारलं, तर देवीपुढच्या दर दसऱ्याला नदीत जायच्या आणि उरलेल्या सगळ्या पत्रिका ते नेमानं आंघोळीच्या बंबात घालायचे. पुरावा नको म्हणून. नाना उठले, टोपी घातली, म्हणाले, "गाडी काढ. सरपंचाकडं जायाचं."

"ऑपरेशन झालंय नाना, धूळ…"

"माझा डोळा बरा हुईल. त्या पोरीची हळद न्हाई थांबायची."

सरपंच डाळिंबाच्या बागेजवळ वस्तीवर राहत. आम्हाला बघून उठले नाहीत. "बसा. पानी देतो. चहा न्हाई मिळायचा."

"पानी द्या," नाना म्हणाले.

सरपंच आत गेले आणि पाण्याच्या तांब्याबरोबर एक पत्रिका घेऊन आले. थोरल्या मुलीच्या लग्नाची. लॅमिनेशन केलेली, कोपऱ्यात भोक पाडून खिळ्याला अडकवलेली. नानांच्या मांडीवर ठेवली. "हे बघा. मागच्या खेपंला पहिलं नाव कुनाचं हाय ते वाचा."

"डोळ्याला दिसत न्हाई, सरपंच. तुमीच वाचा."

सरपंचांनी वाचलं. स्वतःचं पूर्ण नाव, पुढं ‘माजी सरपंच’.

"गाडीच्या वाऱ्यानं कान बसल्यात. पुन्यांदा वाचा."

दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज जरा सैल झाला होता.

"चूक झाली," नाना म्हणाले. "म्या दवाखान्यात हुतो, पोरगं नवं हाय." पोरगं तेहतीस वर्षांचं होतं आणि त्याच्या बगलेतून घाम गळत होता. "उद्या सांजच्याला नव्या पत्रिका आनून देतो. आन वाटलेल्या समद्या घरोघर हिंडून गोळा करतो. एकबी मागं ठिवत न्हाई."

सरपंच बागेकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "समद्या कशाला? आमच्या वाटच्या बदला म्हंजी झालं. आप्पांच्या वाटच्या ऱ्हाऊ द्या. त्यांच्या दारी कशाला उगं उन्हाचं जाताय."

मी नानांकडं पाहिलं. काळ्या चष्म्यामागं काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"तुमी म्हनत असाल तर ऱ्हाऊ देतो," ते सावकाश म्हणाले.

"ही जुनी घिऊन जा नमुन्याला. पन परत आनून द्या. खिळा मोकळा दिसतो." मग आत तोंड करून सरपंच म्हणाले, "अगं, च्या टाक."

रात्र व्हायच्या आत मी ती पत्रिका समोर ठेवून पुन्हा उतरवली. नाना शेजारी बसून एकेक नाव वदवून घेत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळ्या दोरीचा गठ्ठा पोचला. लग्नाला मी गेलो. सरपंच फेटा बांधून मांडवाच्या दाराशी सगळ्यांच्या आधी उभे होते आणि आप्पांना हाताला धरून त्यांनीच सोफ्यावर बसवलं. नवरीनं दोघांच्याही पायाला हात लावला, आधी कुणाच्या ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

उरल्या बाकीच्या ‘तीच’. जुनी गिऱ्हाइकं धाकट्याच्या लग्नाला, नातीच्या लग्नाला पुन्हा येणार, आणि मागच्यासारखीच करा म्हणणार. सरपंचांच्या खिळ्यावरून नानांना उपाय सुचला. ज्याचं नाव पहिलं आलं, त्यानं पत्रिका जपून ठेवली असणारच. त्यांनी तोंडपाठ यादी सांगितली, कुठल्या लग्नाची ‘तीच’ कुठल्या गावात कुणाच्या घरी गेली ती. मी महिनाभर मोटारसायकलवर हिंडलो. नानांना नमुन्यांचं पुस्तक करायचंय, अशी थाप मारायची, फोटो काढायचा, चहा प्यायचा. साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्याच्या मागून, पोत्याखालच्या पेटीतून पत्रिका निघत. एकही घर रिकामं गेलं नाही. माझ्या पोटात इतका चहा पुन्हा कधी गेला नाही.

शेवटी शेवटी एका वस्तीवर आजीबाई होत्या. ‘बोकड सुटलेलं’ त्यांच्याच घरचं. माझी थाप निम्म्यावर आली असतानाच त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली. मग दुसरी काढली. दोन्ही शेजारी शेजारी बाजेवर ठेवल्या. "कंची पायजे? आमची का जावंची?"

मी मोबाईल हातात धरून उभाच.

"अरं बस की बाबा. नाना दर लग्नाची पत्रिका देवीपुढं ठिवत्यात ना. देवीला खोटं कसं सांगावं म्हनून दोन्ही ठिवत असत्याल, देवभोळं मानूस. आमी दर्शनाला जातो तवा वाचतो. समदी वाचत्यात."

"मग राग नाही येत तुम्हाला?"

"कशाचा? येवढा कुटाना करतंय मानूस आपल्या नावापायी. आपल्या घरचं तरी कुनी करतंय का?" त्यांनी दोन्ही पत्रिका माझ्या हातात दिल्या. "पन त्यान्ला नको सांगू. त्यान्ला वाटतंय, आमाला म्हाईत न्हाई."

सगळ्या पत्रिका पुन्हा उतरवून झाल्या. पैसे भरून जागा वाढवली. शिवाय एक वेगळी डिस्क आणली, जी कशालाच जोडून ठेवायची नाही. महिन्यातून एकदा लावायची, प्रत घ्यायची, काढून कपाटात ठेवायची. नानांनी ती हातात घेऊन वजन बघितलं. "ही परत झाली," म्हणाले.

मग त्यांनी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि आवाज खाली आणला. "येवढी घरं हिंडलास. कुनाला काई संशय?"

"नाही नाना. कुणालाच काही माहीत नाही."

त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी निवांतपणा दिसत होता.

"लोक लई साधी हायेत रं," ते म्हणाले. "आपनच जपाया पायजे त्यान्ला."

"व्हय," मी म्हणालो.